रविवारची खापरखुटी

१३ जुलै, शनिवार

बाबांचं क्रिएटिनिन सहाच्या वर गेलं. पोटॅशियम ५.६, पाचच्या आत हवं. हेच आकडे दुसऱ्या कुणाचे असते तर मी नोंद करून पुढच्या पेशंटकडे वळले असते.

सरांनी, म्हणजे आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी, बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दहा टक्के काम करतात. डायलिसिस लागणार, फक्त कधी ते नक्की नाही. त्याआधी डाव्या हातावर फिस्टुला करून घ्या, म्हणजे मनगटापाशी शीर आणि धमनी एकमेकींना जोडायची. मग ती शीर हळूहळू जाड होते आणि तिच्यात सुई नीट बसते. तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. थांबून राहिलात तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागेल आणि ते धोक्याचं.

बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत वर्कशॉपला फिटर होते. कुठला पाइप कुठे जोडायचा हे त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही सरांना नाही, मला.

"तिथं सुई कोण टोचते?"

"टेक्निशियन."

"म्हणजे तू?"

"माझ्या पाळीत असाल तर मी."

मग ते सरांना म्हणाले, "पाहू ना साहेब. घाई काय आहे?"

घाई काय आहे ते सरांनी परत सांगितलं. बाबा पंख्याकडे पाहत राहिले. याच दवाखान्यात मी चार वर्षं डायलिसिसची मशीन चालवते. माझ्या बाबांचा मशीनवर विश्वास नाही, हे सरांसमोर उघड झालेलं मला आवडलं नाही.

घरी येऊन आत्याला जेवणाचं सांगितलं. देवकीआत्या बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडे असते, स्वयंपाक तिचाच. पोटॅशियम असतं ते सगळं, नारळपाणी, केळी, टमाटे बंद. भाजी कुठलीही असो, चिरून भरपूर पाण्यात उकडायची, पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी.

"अन् त्या पाण्याचं काय करू?"

"फेकायचं."

"सारा जीव तं त्या पाण्यातच राह्यते वं."

"म्हणूनच फेकायचं."

देवाचा नैवेद्य मोरीत ओत म्हटल्यासारखं आत्यानं माझ्याकडे पाहिलं. पण मान हलवली. तिला कळलं असावं.

बूट काढताना मोज्याची खूण पायात खोल उमटलेली दिसली. दिवसभर उभं राहिलं की माझे पाय सुजतात. त्यात नवीन काही नाही. बाबा समोरच बसले होते, त्यांनी पाहिलं.

१४ जुलै, रविवार

आज सकाळची पाळी. मी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. चहा झाल्यावर आले. पायजम्याच्या कडा ओल्या, चपलांना चिखल. कुठे गेला होतात विचारलं तर उत्तर नाही. हात धुतले आणि खुर्चीत बसले. काल दवाखान्यात नेलं त्याचा राग असणार. मीही परत विचारलं नाही.

आत्यानं दारात डबा दिला. "आज जेवजो बरं. रोज अर्धा डबा वापस आणतं."

दुपारी तिचा फोन. "जेवली का वं?"

हो म्हटलं.

"भाजी खाल्ली? सगळी?"

सगळी खाल्ली होती. कुठली तरी पालेभाजी होती, डाळ घातलेली. खाताना मी पुढच्या पाळीची औषधं मोजत होते, डब्याकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा व्यवस्थित बोलत होते. कळमन्याच्या बाजारात टमाटे किती उतरले ते सांगत होते. टमाटे त्यांना कालपासून बंद आहेत.

१८ जुलै, गुरुवार

कवडूजी आमचे जुने पेशंट. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून निवृत्त झाले, आठवड्यातून तीनदा बसनं येतात. आज आल्या आल्या विचारलं, "कोण टोचून राहिलं आज?"

"मीच आहे ना कवडूजी," पियुष म्हणाला. तो माझ्याबरोबरचा टेक्निशियन.

"मंग मी उद्या येतो."

"मी काय बैलाले टोचून राहिलो का?"

"बैल लाथ तं मारू शकते बाप्पा. मले तेही जमत नाही."

सगळा वॉर्ड हसला. पियुष मनानं चांगला आहे पण त्याचा हात जड. शेवटी मीच टोचलं. कवडूजी म्हणाले, "मॅडमचा हात कसा, समजतही नाही." मला अशा बोलण्याचं काय करायचं ते कळत नाही. मी पट्टी लावली आणि पुढच्या बेडकडे गेले.

अमोलनं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. पुनर्नवाच्या गोळ्या, किडनी पुन्हा नवी होते म्हणे. खाली लिहिलं होतं, ट्राय करायला काय जातं? मी लिहिलं, त्या वनस्पतीत पोटॅशियम भरपूर असतं आणि बाबांचं आधीच वाढलेलं आहे, हृदय बंद पडू शकतं. त्यानं अंगठा पाठवला. माझा धाकटा भाऊ दर पंधरा दिवसांनी एक अंगठा पाठवतो.

२१ जुलै, रविवार

पुन्हा अबोला. पहाटे बाहेर, ओले पाय, मग खुर्चीत गप्प. आत्याचा दुपारी फोन, जेवली का. माझ्या जेवणाची या घरात एवढी चौकशी आधी कधी नव्हती. बाबांच्या आजाराबद्दल बोलायचं टाळण्याची ही रीत असावी.

फिस्टुलाचा विषय संध्याकाळी काढला. "पाहू," म्हणाले.

२५ जुलै, गुरुवार

पोटॅशियम ६.०. वाढलं.

सुट्टी होती म्हणून दुपारी बाबांबरोबर घरीच जेवले. स्वतः पाहिल्याशिवाय काही ठरवायचं नाही असं ठरवलं होतं. दुधीची भाजी: उकडलेली, पाणी काढलेलं, मीठ नावाला. वरण वाटीभर. भाकर. सगळं सांगितलं तसं. भाकर जरा हिरवट दिसली. आत्या म्हणाली, औंदाची ज्वारीच तशी आहे. मऊ होती आणि चवही बरी होती. मी जास्तीची एक घेतली.

"आत्या, पाणी फेकतेस ना भाजीचं?"

"तू सांगितलं तसं उकडतो ना बाई. भाजीत एक थेंब ठेवत नाही."

म्हणजे स्वयंपाकात चूक नाही. मग पोटॅशियम येतं कुठून? बाबा बाहेर काहीतरी खातात. रविवारी पहाटे जातात तेव्हाच.

आई आजारी असताना शेवटी घरीच इंजेक्शनं द्यावी लागत. माझं शिक्षण चालू होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी देत असे. तिच्या शिरा सापडत नसत. बाबा दारात उभे राहून पाहायचे आणि मग अंगणात जायचे. त्यांना तेव्हापासून सुईचीच भीती असेल. मोठ्या माणसांनाही असते.

२८ जुलै, रविवार

सापडलं.

आज नेहमीपेक्षा आधी उठले. आत्या ओट्यापाशी होती, माझा डबा भरून ठेवलेला, बाजूला टोपलीत पालेभाजीची उरलेली जुडी. लालसर देठ, गोलसर पानं, मोहरीएवढी गुलाबी फुलं. मी हे झाड ओळखते. बांधावर, रिकाम्या प्लॉटमध्ये, नालीच्या कडेला कुठेही पसरतं. उमरेडला आम्ही त्याला खापरखुटी म्हणायचो, आजी पावसाळ्यात भाजी करायची, सूज उतरते म्हणायची. पुस्तकात त्याचं नाव पुनर्नवा. अमोलच्या गोळ्यांतली तीच.

बाबा खुर्चीत बसले होते. मी जुडी घेऊन त्यांच्यासमोर गेले. आवाज चढवला नाही. म्हटलं, हे तुम्ही दर रविवारी आणता आणि माझ्यापासून लपवून खाता. मी तुमचं एकेक ग्रॅम मोजते आहे आणि तुम्ही हे करता. याच्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्हाला बरं व्हायचं नाही का?

बाबांनी उत्तर दिलं नाही. मान खालीही घातली नाही. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या जुडीकडे, मग ओट्यावरच्या माझ्या डब्याकडे.

आत्या म्हणाली, "अवं, थांब ना वं, मी सांगतो तुले..." बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"एक शब्द तरी बोला," मी म्हटलं.

नाही बोलले.

मी जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, डबा घेतला आणि निघाले.

दुपारी आत्याचा फोन आला. जेवली का. मी म्हटलं, हो, जेवले, आणि तुला त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही का?

३० जुलै, मंगळवार

पोटॅशियम ६.१. जुडी फेकून दिल्यावरही. आणखी कुठे लपवलेली असणार.

सरांनी पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर दिली. बाबा ती न कुरकुरता पितात. फिस्टुलासाठी पुढच्या आठवड्याची तारीख मिळत होती. "पोळा होऊन जाऊ दे," बाबा म्हणाले. सर मला बाहेर म्हणाले, तुमचे वडील तुमचं ऐकत नाहीत तर कुणाचं ऐकतील?

दमले आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. आमच्या घरामागं तीन-चार रिकामे प्लॉट आहेत, पाऊस झाल्यापासून तिथं कमरेइतकं गवत. बाबा त्या गवतात उकिडवे बसलेले दिसले. खिशातून पुडी काढली, चिमटीनं काहीतरी जमिनीवर ठेवलं. पिवळं दिसत होतं, हळदीचे तांदूळ असावेत. मग हात जोडले आणि काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. माझ्याशी आठवडाभरात एवढं बोलले नसतील.

सारी नोकरी यंत्रं उघडून जोडण्यात घालवलेला माणूस गवताला हात जोडतो.

खाली आल्यावर मी काही विचारलं नाही. आत्याला मात्र सांगितलं की उद्या या घरात ती भाजी शिजली तर मी बाबांना दवाखान्यातच भरती करीन. आत्या म्हणाली, "त्याच्या ताटात नाही पडत बाई. देवाशप्पथ." शपथेवर मी काय विश्वास ठेवू? रिपोर्ट समोर आहे.

सुजेसाठी नवीन घट्ट मोजे घेतले, त्यांनी पायांना फरक पडलेला दिसतो. बूट आता सहज निघतात.

५ ऑगस्ट, सोमवार

कालचं क्रमानं लिहिते.

सकाळी बाबा गप्प. मी बोलले नाही, निघाले. दवाखान्यात पाणी शुद्ध करायचा प्लांट बंद पडला. पेशंट मशीनवर होते, सगळ्यांना एकेक करून सुरक्षित काढावं लागलं. डबा लॉकरमध्येच.

आत्याचा फोन. "जेवली का वं?"

"नाही. काम आहे, नंतर."

थोड्या वेळानं परत. "हिमानी, जेवली का?" तिचा आवाज वेगळा होता. मला तो तेव्हा फक्त चिडवणारा वाटला.

"आत्या, इथं प्लांट बंद आहे."

"दोन घास खाऊन घे ना वं माय. दोनच."

मी फोन ठेवला. प्लांट चालू झाला, मशीन धुवायला घेतली, तेवढ्यात तिसरा फोन. मला तिला कटवायचं होतं.

"जेवली?"

"जेवले," मी म्हटलं. डबा उघडलाही नव्हता.

फोनवरच आत्या बाजूला वळून ओरडली, "जेवली गा ते, चंपत! बोल आता, बोल!" आणि बाबांचा आवाज आला. सकाळपासूनचा पहिला.

"हिमा, पायात जीवच राहिला नाही मह्या. सकाळपासून. उठून राहिलो तं उठवत नाही. छातीत कसंतरी होते."

पाय लुळे पडणं आणि छातीत कसंतरी होणं, दोन्हींचा एकत्र अर्थ मला कळतो. अँब्युलन्स पाठवली. आले तेव्हा ईसीजी बिघडलेला होता, पोटॅशियम ७.३. सरांनी मानेत नळी घातली. ज्या मशीनची मी तासाभरापूर्वी तपासणी केली होती त्याच मशीनवर त्यांना घेतलं.

नळ्या जोडायला मी हातमोजे घालून पुढे झाले. बाबांना नीट बोलताही येत नव्हतं. पण पियुषकडे पाहून म्हणाले, "तिले नको. तू लाव."

पियुषनं माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढले.

चार वर्षांत कुठल्याही पेशंटनं मला नको म्हटलेलं नाही. मी आरओच्या, म्हणजे पाण्याच्या प्लांटच्या खोलीत जाऊन दाबाचे आकडे वाचले. ते ठीक होते.

सर म्हणाले, अजून एक-दीड तास उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. ते सकाळपासून का बोलले नाहीत, हे सरांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. "बोल आता" असं आत्या का म्हणाली, तेही तिला विचारायचं राहिलं.

कालचा डबा आज लॉकरमध्ये सापडला. आंबलेला होता. न पाहता टाकून दिला.

७ ऑगस्ट, बुधवार

बाबा वॉर्डात आहेत, दोनदा डायलिसिस झालं, पोटॅशियम उतरलं. आत्या दुपारी घरचं जेवण घेऊन आली. पोळीच्या फडक्यात भाकर. खिडकीच्या उजेडात ती मला पुन्हा हिरवट दिसली. आमच्या कामात एक गोष्ट दोनदा दिसली की थांबायचं असतं. पहिल्यांदा मी थांबले नव्हते.

"आत्या, पीठ कशात भिजवलं?"

"पाण्यात."

"कुठल्या?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "गरमच पाणी लागते ना वं ज्वारीले, नाहीतं भाकर चिरते. तं ते भाजीचं पाणी गरमच असते. पालकाचं, बटाट्याचं, जे असन ते. तू म्हटलं भाजीत ठेवू नको, मी भाजीत नाही ठेवलं. अन्न आहे ते. मोरीत कसं फेकू? त्याच्या अंगात काही राहिलं नाही, म्हटलं तेवढाच जीव जाईन पोटात."

"वरणात?"

"वरणातही."

म्हणजे भाजीतून काढलेलं सगळं पोटॅशियम रोज दोन वेळा भाकरीतून आणि वरणातून त्यांच्या पोटात गेलं. मी आत्याला पाणी फेकायला सांगितलं; फेकलं का, हेही विचारलं. ते जातं कुठे हे पाहिलं नाही. ती भाकर मी स्वतः मागून खाल्ली.

"आणि खापरखुटी?" मी विचारलं.

"त्यातला एक घास नाही खाल्ला त्यानं. तू सांगितलं ना अमोलले, बाबासाठी वाईट आहे म्हणून. त्यानं ऐकलं. ते तुह्यासाठी होती."

आत्याला गप्प बसवत नाही, तिनं सगळं सांगितलं. माझ्या पायांची सूज पाहून बाबांनी पहिल्याच शनिवारी ठरवलं. ही भाजी औषध म्हणून द्यायची तर तिला आदल्या संध्याकाळी आवतण द्यावं लागतं: तांदूळ ठेवायचे, नाव घेऊन सांगायचं, अमक्याच्या पायासाठी उद्या नेतो, येजो. दुसऱ्या दिवशी उन्हं पडायच्या आत खुडायची. खुडली त्या घडीपासून, ज्याच्या नावानं आणली तो खाईपर्यंत, खुडणाऱ्यानं बोलायचं नाही. ज्याच्यासाठी आहे त्यालाही सांगायचं नाही.

"आणि बोललं तर?"

"तं ते उलटते. आणणाऱ्यावर नाही वं, ज्याच्या नावानं आणली त्याच्यावर." आत्या भाकरीचं फडकं घड्या करत होती. "मले दिसून राहिलं होतं त्याच्याच्यानं उठवत नाही. म्हटलं, चंपत, बोल गा. तं मान हलवे, नाही म्हणे. मंग मी तुलेच फोन लावत राहिली. तू जेवली म्हटलं अन् सुटला तो."

मी खाली गेले आणि मशीन नंबर तीनचं निर्जंतुकीकरण लावलं. ते चालू असताना मशीनला हात लावायचा नसतो. मी समोर स्टुलावर बसून राहिले. पियुष येऊन म्हणाला, "अगं, सकाळी केलं होतं ना हे?" मी म्हटलं, माहीत आहे.

मी जेवले नव्हते, हे आत्याला सांगितलेलं नाही. बाबांना तर सांगणारच नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

मानेतली नळी काढली. बाबा घरी आले. सरांनी निघताना परत सांगितलं, हा इशारा होता, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेल असं नाही, हाताचा फिस्टुला करून घ्या. बाबा म्हणाले, "पाहू ना साहेब."

ऑटोत मी विचारलं, "नाही का म्हणता? मशीन पाहिली ना आता? दुखलं का?"

"नाही दुखलं."

"मग?"

बाहेर पाहत म्हणाले, "तुह्या मायले सुया टोचायची तेव्हा तू रात्री भाजीची सुरीही हातात घेत नव्हती. माहीत आहे का तुले?"

मला आठवत नाही. मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध आहे? ते म्हणाले, "नाही ना, काही नाही. पुढं खड्डा आहे, सांग त्याले."

१७ ऑगस्ट, शनिवार

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही. पोटॅशियम ४.९. भाजीचं पाणी आता आत्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालते, थंड करून. "तेवढं तरी वाया जाऊ नये," म्हणते. कढीपत्ता जोरात आहे.

नवे मोजे या आठवड्यात वापरले नाहीत, धुवायला पडले होते. पाय पुन्हा सुजले. मागचे दोन रविवार भाजी पोटात गेली नाही: एकदा टाकून दिली, एकदा बाबा घरी येऊन पडून होते. यावरून काहीही सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत.

संध्याकाळी बाबा काठी घेऊन मागच्या दारानं गेले. कशासाठी ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. आत्यानं निदान एवढं तरी पोटात ठेवलं आहे. मी गच्चीवर गेले नाही. कपडे तसेच राहू दिले.

मी या गोष्टी मानत नाही, हे इथं लिहून ठेवते.

१८ ऑगस्ट, रविवार

आज सकाळची पाळी. बाबा आले तेव्हा उजाडायचं होतं. काठीला चिखल, खांद्यावर गवताचं बी चिकटलेलं. खुर्चीत बसले. दम लागला होता. मी काही विचारलं नाही.

आत्यानं भाजी निवडली, चिरली, मुगाची डाळ घालून केली. मला पाठ करून उभी होती, जणू त्यामुळे मला दिसणार नव्हतं. डबा भरून नेहमीच्या जागी ठेवला.

मी बूट घातले. डबा उचलला. मग बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिले, डबा उघडला आणि तिथंच खायला लागले.

"अवं, आत्ताच?" आत्या म्हणाली. "चहा तरी..." मग तिला कळलं आणि ती गप्प झाली. ती गप्प झालेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

भाजी किंचित कडवट आहे, लसूण जास्त, मीठ अगदी कमी. इतके रविवार खाल्ली पण चव आज घेतली. सगळी संपवली. डबा तिरपा करून बाबांना दाखवला, लहान मुलं ताट दाखवतात तसा. असं मी का केलं ते सांगता येणार नाही.

त्यांनी डब्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांपासून मला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं नाही. घसा खाकरला.

"त्या हाताचं सांगून दे साहेबाले. करून टाकू."

"आजच सांगते."

"पण सुई तू टोचायची नाही. आधीच सांगून ठेवतो."

मला वाटलं होतं, मी विचारीन, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. मी डब्याचं झाकण लावलं.

"मग पियुष टोचेल," मी म्हटलं. "त्याचा हात जड आहे, बाबा. सगळे ओरडतात. तुम्हाला दुखेल."

"चालते," बाबा म्हणाले.